भिंत बुजवण्याआधी

एखाद्या इमारतीत आग लागून माणसे दगावली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’ हे वाक्य हमखास असते आणि त्यापाठोपाठ ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, प्रत्येक घराच्या वायरिंगची दरवर्षी सरकारी तपासणी सक्तीची करा. दुसरी बाजू विचारते, म्हणजे स्वयंपाकघरात एक सॉकेट वाढवायलाही आता साहेबांच्या पाया पडायचे का? चार दिवस दोन्हीकडून हिरिरीने बोलले जाते आणि मग पुढच्या आगीपर्यंत सगळे शांत होते. माझ्या मते दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडत आहेत. बांधून, रंगवून, फर्निचर लावून पूर्ण झालेल्या घराची तपासणी करून जे हाती लागते ते थोडे असते. तपासायला हवे ते काम, आणि तेही चालू असताना, तारांसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या उघड्या असताना. घराच्या वायरिंगसाठी परवानगी आणि तपासणी असावीच, पण ती मोजक्या कामांना असावी, भिंत बुजवण्याआधी व्हावी आणि तिच्याखाली सही करणाऱ्या माणसाला त्या सहीचा जाब नंतरही देता यावा.

या वादातली गंमत अशी की परवाना ही जणू उद्या येऊ घातलेली नवी गोष्ट आहे असे दोन्ही बाजू समजून चालतात. वास्तविक १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम स्पष्ट सांगत होता की ग्राहकाच्या जागेतले वायरिंगचे काम, त्यात घातलेली भर, केलेला बदल आणि दुरुस्तीसुद्धा, राज्य शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या विद्युत ठेकेदारानेच करायची, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायची आणि परवानाधारक माणसाच्या हातूनच करवून घ्यायची. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे विनियम काढले, २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली, पण या तरतुदीचा गाभा बदलला नाही. ‘बल्ब बदलायलाही परवानगी घ्यायची का?’ हा टोमणा मारणाऱ्यांनी तो नियम वाचलेला नसतो, कारण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच आणि घरगुती उपकरणे बदलण्याला, वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप त्यामुळे बदलत नसेल तर, त्याच नियमात सूट दिलेली होती. त्याच नियमावलीतला ४६ वा नियम आणखी पुढे जात होता : जोडणी असलेल्या प्रत्येक संचमांडणीची, म्हणजे जागेतल्या सगळ्या वायरिंगची, जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने तपासणी आणि चाचणी व्हावी. आपल्या घराची अशी तपासणी झाल्याचे आठवणारा माणूस वाचकांपैकी कोणाला भेटला असेल, तर त्याचा सत्कार करायला हरकत नाही.

तेव्हा कायदा नाही ही आपली अडचण नाही. कायदा असून तो घराच्या उंबऱ्याशी का थांबला, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर केवळ ‘भ्रष्टाचार’ या शब्दात मिळत नाही. साधा हिशेब करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २ कोटी ३८ लाख कुटुंबे होती. प्रत्येक घर पाच वर्षांतून एकदाच पाहायचे म्हटले तरी वर्षाला ४७ लाखांवर घरे होतात. वर्षातले ३०० दिवस काम चालले असे धरले, तर रोज १५ हजारांहून अधिक घरांत निरीक्षकाला जावे लागेल. राज्याच्या ज्या विद्युत निरीक्षण खात्याकडे कारखाने, मोठ्या इमारती, लिफ्ट, अपघातांची चौकशी आणि वर वीजशुल्काचे काम आहे, त्या खात्याकडून हे होणे नाही, आणि खात्याची माणसे दहापट वाढवली तरी होणे नाही. दरवर्षी सक्तीची तपासणी मागणारे लोक हा गुणाकार करत नाहीत. जे करताच येत नाही ते सक्तीचे केले की ते कागदावर होऊ लागते. आगप्रतिबंधाच्या २००६ च्या कायद्याखाली इमारतींना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, ‘नमुना ब’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. आपल्या सोसायटीत तो देण्याआधी पंपातून पाणी सोडून कोणी पाहिले होते का, हे सभासदांनी एकदा चिटणीसांना विचारावे.

आता भिंतीच्या आत काय असते ते पाहू, कारण सगळा वाद तिथे येऊन ठरतो. आमच्या भागात १९८० च्या दशकातल्या इमारती बऱ्याच आहेत. त्या बांधल्या तेव्हा घरात दिवे, पंखे, एक फ्रिज, फार तर एक इस्त्री एवढाच भार गृहीत होता. आज त्याच घरात दीड टनाचे दोन एसी, तीन किलोवॅटचा गीझर, इंडक्शनची शेगडी आणि मायक्रोवेव्ह असतो. एकटा तीन किलोवॅटचा गीझर १३ अँपिअर खेचतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. दिव्यांसाठी टाकलेल्या एक चौरस मिलिमीटरच्या तारेवर असे उपकरण चढवले की एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की वीज तोडणारा स्विच, सारखा ट्रिप होतो, आणि तो ट्रिप होतो म्हणून घरमालक वैतागतो. मग येणारा वायरमन तार बदलत नाही, कारण त्यासाठी भिंत फोडावी लागते. तो १० अँपिअरचा एमसीबी काढून ३२ अँपिअरचा बसवतो. तक्रार मिटते. आता ती तार जळेपर्यंत एमसीबी पडणार नाही.

ओळखीच्या एका घरात नूतनीकरण चालू असताना मी हे काम जवळून पाहिले आहे. दिवाणखान्यात पीओपीच्या छताचा सांगाडा उभा होता, आणि त्याच्या वरून एसीची तार जुन्या पॉइंटपासून चार फूट पुढे न्यायची होती. वायरिंग करणाऱ्या मुलाने चाकूने दोन्ही तारांची टोके सोलली, बोटांनी पिळली, वर काळ्या टेपचे चार वेढे दिले आणि जोड तसाच लाकडी पट्टीवर टाकला. जोड बंदिस्त ठेवणारी डबी का नाही, असे विचारल्यावर तो सहज म्हणाला, “काका, पीओपी मारल्यावर कोण बघतंय?” त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. त्याला पॉइंटमागे पैसे मिळत होते, डबी बसवण्याचे वेगळे मिळत नव्हते, आणि संध्याकाळी पीओपीवाला येणार होता. असा सैल जोड तापतो, गार होतो, पुन्हा तापतो, आणि दर वेळी थोडा आणखी सैल होतो. तो एमसीबीला दिसत नाही, कारण प्रवाह वाढलेला नसतो. गळती पकडून वीज तोडणाऱ्या आरसीसीबी या स्विचलाही दिसत नाही, कारण प्रवाह जमिनीत गळत नसतो. नंतर कोणी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजणारे उपकरण, लावून तपासले तर इन्सुलेशनचे आकडे उत्तम येतील. तो दिसू शकला असता तो फक्त त्या दुपारी, पीओपीवाला येण्याआधी. बातमीतले ‘शॉर्ट सर्किट’ हे कारण ‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ या निदानाइतकेच खरे आणि तेवढेच निरुपयोगी असते. मूळ दुखणे अशा एखाद्या दुपारी झाकले गेलेले असते.

विरोधी बाजूचे मुद्दे मात्र हलके नाहीत. सर्वांत वजनदार मुद्दा असा की कामानंतरची सही आपल्याकडे आधीपासून आहे आणि तिचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. नवी जोडणी घेताना अनुज्ञप्तीधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. तो कसा मिळतो? काम करतो एक, सही असते दुसऱ्याची, आणि सही करणाऱ्याने ते घर पाहिलेलेच असते असे नाही. काही ठिकाणी सहीला दर आहे, आणि तो दर घराच्या आकारावरही ठरत नाही. असा अनुभव असलेला माणूस ‘आणखी एक कागद कशाला?’ असे विचारत असेल, तर त्याला भाबडा किंवा बेजबाबदार म्हणता येणार नाही. वाहनांच्या पीयूसीपासून इमारतींच्या दाखल्यांपर्यंत त्याने हेच पाहिलेले आहे.

पण त्या टेस्ट रिपोर्टमध्ये चूक नेमकी कुठे आहे, हे पाहिले की आक्षेपाचा रोख बदलतो. तो रिपोर्ट घर पूर्ण झाल्यावर, भिंती बंद झाल्यावर, जोडणीच्या अर्जाला जोडायचा कागद म्हणून दिला जातो, त्यामुळे तो खोटा ठरवण्याची वेळ आग लागेपर्यंत येत नाही, आणि आगीत पुरावाही जळतो. सही केलेल्या शंभर कामांपैकी पाच कामेही कोणी पुन्हा जाऊन पाहत नाही. आणि तो फक्त पहिल्या जोडणीच्या वेळी लागतो. नंतरच्या ३० वर्षांत त्या घराचे दोनदा इंटिरियर झाले, स्वयंपाकघर सरकले, बाल्कनी आत घेतली, तरी त्यासाठी कोणी कागद मागत नाही. सहीची पद्धत वाईट म्हणून हा रिपोर्ट फसलेला नाही. सही चुकीच्या वेळी घेतली गेली, फेरतपासणी कधीच झाली नाही आणि सहीचा कामाशी संबंध उरला नाही, ही तिन्ही कारणे दुरुस्त करता येण्याजोगी आहेत.

ती दुरुस्त कशी होतात याची उदाहरणे आहेत. अमेरिकेतल्या शहरांत घराच्या वायरिंगचा परवाना नगरपालिका देते आणि तपासणी साधारण दोनदा होते : पहिली तारा टाकून झाल्यावर, भिंतीवर जिप्समचे तक्ते ठोकण्याआधी, आणि दुसरी काम पूर्ण झाल्यावर. पहिली तपासणी होईपर्यंत भिंत बंद करायची नाही, केली तर ती फोडावी लागते. ही शिस्त सरकारच्या डोक्यातून आली असे समजू नये. तिथली पहिली राष्ट्रीय वायरिंग संहिता १८९७ ची आहे, आणि तिच्यामागे सर्वांत मोठा रेटा होता तो आगीची भरपाई करून थकलेल्या विमा कंपन्यांचा. नियम म्हणजे नोकरशाहीची हौस, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की हा नियम नफ्या-तोट्याचा हिशेब करणाऱ्या माणसांनी मागितला होता.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण ब्रिटनचे आहे, कारण तिथे निरीक्षकांची फौज उभी न करता काम भागवले गेले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जानेवारी २००५ पासून घरातले वीजकाम इमारत नियमांच्या कक्षेत आले. पण परवानगीसाठी रांग लावायची सक्ती सर्वांना केली गेली नाही. मान्यताप्राप्त योजनेत नोंदलेला वीजतंत्री आपले काम स्वतः प्रमाणित करू शकतो, मात्र त्याने केलेल्या कामांपैकी काही कामे ती योजना चालवणारी संस्था ठरावीक काळाने प्रत्यक्ष पाहते. ज्याची नोंदणी नाही, त्याने आधी स्थानिक प्रशासनाला कळवायचे आणि तपासणीचा खर्च सोसायचा. म्हणजे नोंदणी केल्याने कामात सुख मिळते, न केल्याने ताप होतो. आपल्याकडे नेमके उलटे आहे. आणखी एक गोष्ट तिथून शिकण्यासारखी आहे. सुरुवातीला स्वयंपाकघरातला जादा सॉकेटसुद्धा कळवावा लागे, ते जाचक आणि निरर्थक ठरले, आणि २०१३ मध्ये इंग्लंडने यादी छाटली. नवे सर्किट टाकणे, मुख्य वितरण पेटी बदलणे आणि न्हाणीघरातल्या पाण्याच्या जवळचे काम, एवढेच मुख्यतः कळवायचे राहिले. यादी जितकी आखूड, तितकी ती पाळली जाण्याची शक्यता अधिक.

पूर्ण झालेल्या घराची तपासणी अगदीच निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी भाड्याच्या घरांना पाच वर्षांतून एकदा वीजतपासणी सक्तीची केली, आणि तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थच्या भोकामागे तार आहे की नाही, आरसीसीबी खरोखर पडतो की नाही, या गोष्टी तशा तपासणीत कळतात. आपल्याकडे अर्थच्या जागी काहीच नसणे किंवा न्यूट्रललाच अर्थ जोडून मोकळे होणे हे प्रकार इतके आहेत की तेवढे कळले तरी जीव वाचतील. भाडेकरूला भिंत फोडून पाहण्याचा अधिकार नसतो, म्हणून त्याच्यासाठी अशी तपासणी हवीच. पण तिला पहिले स्थान देता येत नाही.

‘माझे घर, माझी भिंत, माझा जीव’ हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त वाटतो. परंतु पाचव्या मजल्यावरच्या जळत्या तारेचा धूर जिन्यातून सातव्या मजल्यावर जातो, तेव्हा सातव्या मजल्यावरच्यांनी त्या तारेला संमती दिलेली नसते. पुढे घर विकले की ती पिळलेली तार, तो ३२ अँपिअरचा एमसीबी आणि तो टेप विकत घेणाऱ्याच्या वाट्याला जातो, आणि खरेदीखतात त्याचा उल्लेख नसतो. हा मुद्दा इतिहासात याआधी निकालात निघालेला आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बाष्पकाचा, म्हणजे बॉयलरचा, स्फोट होऊन माणसे मेली, तोवर बाष्पक ही मालकाची खासगी बाब होती. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बाष्पकांच्या तपासणीचा कायदा झाला आणि १९२३ मध्ये तो विषय देशभरच्या कायद्यात आला. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये लिफ्टचा कायदा झाला, आणि आज त्याच्या जागी २०१७ चा राज्याचा कायदा आहे. लिफ्टला परवाना लागतो, तिची तपासणी ठरावीक काळाने होते आणि ‘माझी सोसायटी, माझी लिफ्ट’ असे कोणी म्हणत नाही. तेच खाते, तीच इमारत, तीच वीज. मग फ्लॅटच्या दारापाशी तर्क का बदलावा?

एक आक्षेप मात्र मला अस्वस्थ करतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने मेल्याची नोंद असते, आणि त्यांतली पुष्कळ माणसे फ्लॅटमध्ये मेलेली नसतात. ती शेतात मोटार चालू करताना मरतात, तुटून पडलेल्या तारेवर पाय पडून मरतात, खांबावर काम करताना मरतात. पत्र्याच्या घरावरून गेलेल्या सर्व्हिस वायरचे इन्सुलेशन घासून पत्र्यात प्रवाह उतरतो, पत्र्याला बांधलेल्या कपडे वाळत घालायच्या तारेत तो येतो, ओला कपडा टाकायला गेलेली बाई चिकटते, तिला सोडवायला सासू धावते, मग मुलगा. अशी बातमी पावसाळ्यात आपल्याकडे येते, आणि तिच्यातल्या घरात झिऱ्या नसतात की पीओपी नसते. तेव्हा शहरी इंटिरियरच्या तपासणीवर एवढे बोलणे हे सुखवस्तूंचे दुखणे नाही का?

अंशतः आहे, हे मान्य केले पाहिजे. लोंबत्या तारा आणि गंजलेले खांब ही वितरण व्यवस्थेची जबाबदारी आहे, आणि घरमालकाच्या परवान्याने ती फिटत नाही. पण त्या पत्र्याच्या घरालाही एक तपासणी उपयोगी पडते, ती म्हणजे जोडणी देण्याआधी सर्व्हिस वायर पत्र्याला टेकते का, अर्थिंगचा खड्डा खरेच आहे का आणि आरसीसीबी बसवला आहे का, हे पाहणे. साधा एमसीबी माणसाला वाचवत नाही हे अजून पुष्कळांना माहीत नाही. १६ अँपिअरचा एमसीबी ज्या प्रवाहाला पडतो, त्याच्या पाचशेव्या भागाहून कमी, म्हणजे ३० मिलिअँपिअर गळती झाली की घरगुती आरसीसीबी पडतो, आणि धक्क्यातून जीव वाचतो तो तेवढ्या फरकामुळे. विनियमांत अशा संरक्षक उपकरणाची सक्ती जोडणीच्या भाराशी बांधलेली आहे, म्हणजे ज्याच्या घरी एक दिवा, एक पंखा आणि ओली जमीन आहे तोच नेमका सुटतो. ही सवलत काढून टाकावी आणि छोट्या जोडणीला ते उपकरण जोडणीच्या खर्चातच मीटरसोबत द्यावे. गरिबाला तपासणी परवडत नाही म्हणून त्याला तपासणीतून वगळणे यात दया दिसते, पण धक्का बसतो तो त्यालाच.

परवान्याची सक्ती कडक झाली तर आज हाताने उत्तम काम करणारे पण कागद नसलेले हजारो वायरमन बाहेर फेकले जातील, ही भीतीही खरी आहे. आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. घर चालवणारा पस्तिशीचा माणूस दोन वर्षे काम सोडून बाकावर बसणार नाही. त्याच्यासाठी कामाच्या अनुभवावर प्रत्यक्ष परीक्षा घेऊन परवाना देण्याचा रस्ता रुंद केला पाहिजे, आणि ती परीक्षा तालुक्याच्या आयटीआयमध्ये सुट्टीच्या दिवशी घेता येते. मला वाटते, त्या पीओपीखाली तार पिळणाऱ्या मुलाचा परवान्याने तोटा होण्यापेक्षा फायदाच होईल. आज त्याची स्पर्धा त्याच्याहून स्वस्तात टेप गुंडाळणाऱ्याशी आहे. डबीचे पैसे वेगळे मागितले तर काम हातचे जाते. जोडाला डबी हवीच असा दंडक सर्वांना लागू झाला, तर ती मागण्याची सोय त्याला पहिल्यांदा मिळेल.

हे सगळे उभे करायला नवे कार्यालय लागत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात जोत्यापासून छतापर्यंत टप्प्याटप्प्याने स्थाननोंदीसह फोटो चढवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. दुर्गम पाड्यावरच्या घराला जे जमते ते शहरातल्या फ्लॅटला जमू नये याला काही कारण नाही. नवे सर्किट, वितरण पेटी बदलणे, न्हाणीघरातले काम आणि वाढीव भार, एवढ्या चार कामांसाठी भिंत बुजवण्याआधीचे फोटो, तारेचा आकार आणि परवाना क्रमांक वितरण कंपनीच्या ग्राहक क्रमांकाखाली नोंदवावेत, ती नोंद घरासोबत पुढच्या मालकाकडे जावी, आणि विसातले एक काम, कोणते ते आधी न सांगता, निरीक्षकाने जाऊन पाहावे. फोटो दुसऱ्याच भिंतीचे निघाले तर परवाना निलंबित व्हावा. शहरांत तर सुरुवात सरकारची वाट न पाहताही होऊ शकते. बहुतेक सोसायट्या नूतनीकरणासाठी लेखी अर्ज आणि अनामत रक्कम घेतात; दुपारी दोन ते चार ठोकाठोक करायची नाही, राडारोडा लिफ्टमधून न्यायचा नाही, न्हाणीघराच्या वॉटरप्रूफिंगची हमी द्यायची, असे सगळे त्यात असते, कारण खालच्या मजल्यावर पाणी गळाले तर भांडण होते हे समितीला अनुभवाने माहीत असते. त्याच अर्जात वायरमनचा परवाना क्रमांक आणि झिऱ्यांचे फोटो मागणारे दोन रकाने घालायला सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो, आणि ते रकाने भरल्याशिवाय अनामत परत करायची नाही एवढे खजिनदाराला सांगून ठेवले की झाले.